मंगळवारपर्यंत टिकेल

इरा, नचिकेत,

वऱ्हाडातून परत येऊन मला अकरा दिवस झाले. "आजी, ट्रिप कशी झाली?" असं तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत आणि दोन्ही वेळा मी नुसतं जेवणाचं सांगितलं. जेवण चांगलंच होतं, इथेही त्याबद्दल लिहीन. पण बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तिकडे रोज वहीत टिपणं ठेवत होते, त्यांवरून क्रमाने लिहिते आहे. तुम्ही मराठी सावकाश वाचता. सावकाशच वाचा.

अमरावती, गुरुवार

स्टेशनवर कुसुम न्यायला आली होती. कॉलेजात असताना आम्ही तीन वर्षं वसतिगृहाच्या एका खोलीत राहिलो. तिची मैत्री म्हणजे आधी एक टोला आणि मग मायेचा हात, हे मला तेव्हापासून ठाऊक. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय वं, पुण्यात जेवाले देत नाहीत का तुले? चिपाड झाली नुसती!"

माझी बॅग मात्र तिने स्वतः उचलली, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी असून.

दुपारी ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत. इकडे भरतात कांद्याची पात कच्चीच घालतात आणि वरून कच्चं तेल सोडतात. आपल्याकडच्या फोडणीच्या भरतापेक्षा मला हे जास्त आवडलं, पण तसं म्हटलं नाही. कुसुमने पुढची पन्नास वर्षं ते ऐकवलं असतं. जेवताना मी घड्याळाकडे पाहिलं तर म्हणाली, "भूक तुह्या पोटात लागते का घड्याळात?"

थंडी कडाक्याची होती. आभाळ कोरडं, निळं, आणि वारा उत्तरेचा. दोन रजया पांघरून झोपले.

मोझरी, शुक्रवार

कुसुमच्या आग्रहाने गुरुकुंज मोझरीला जाऊन आलो. आश्रमात स्वच्छता आणि शांतता आहे, लोक हळू बोलतात. मला तिथली एकच गोष्ट सांगायची आहे. आवारातली पताका आदल्या दिवसापर्यंत दक्षिणेकडे फडफडत असणार. आज ती वायव्येकडे तोंड करून लोळत होती. म्हणजे वारा फिरला होता आणि आग्नेयेकडून येत होता. गालाला तो ओलसर लागला. मी वहीत नोंद केली: "वारा आग्नेय, मंद, दमट." पुढे काही लिहिलं नाही.

हे तुम्हाला समजायला हवं, म्हणून थोडं थांबते. तुमच्या एडिंबरोला कोमट हवा आणि थंड हवा एकमेकींना भिडतात, पाऊस भुरभुरतो आणि तुम्ही टोपी डोक्यावर ओढून शाळेत जाता. आमच्याकडे हिवाळ्यात असे दिवस थोडे असतात, पण येतात ते वाईट. बंगालच्या उपसागरावरून कोमट, दमट वारा जमिनीलगत सरकत येतो. उत्तरेकडची कोरडी गार हवा वरच्या अंगाने येते. दोघींची गाठ ज्या पट्ट्यात पडते तिथे कोमट हवा वर उसळते आणि वर इतका गारठा असतो की पाण्याच्या थेंबांच्या गारा होतात. तो पट्टा कुठे पडेल आणि कधी, एवढंच सांगायचं असतं. तीस वर्षं हवामान खात्यात मी तेच काम केलं. सकाळी आलेले आकडे नकाशावर मांडायचे, पेन्सिलीने रेघा ओढायच्या आणि वरिष्ठांच्या सहीसाठी चार ओळी लिहायच्या. त्या ओळी वाचून कोणी काय करतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

हिवरखेड, शनिवार

अकोल्याला बस बदलली, अकोटला पुन्हा बदलली, आणि दुपारी हिवरखेडला पोचलो. हे कुसुमचं माहेर. तिचे थोरले भाऊ दामोदरदादा आणि सुभद्रावहिनी इथे दोघंच राहतात. मुलगा विलास मस्कतला नोकरीला आहे. गावाच्या उत्तरेला सातपुडा आडवा पसरला आहे, आणि घरामागे दोनशे पावलांवर दादांचा पानमळा.

मी विड्याचं पान आयुष्यभर खाल्लं, पण ते वेलीवर पहिल्यांदा पाहिलं. पांगारा आणि शेवरीची झाडं ओळीने लावलेली, प्रत्येकावर नागवेल चढलेली, आणि वारा अडवायला चारी बाजूंनी तुराट्यांचे कूड, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या भिंती. आत हिरवा, गार अंधार. मी दारातून पाऊल टाकणार तेवढ्यात दादा म्हणाले, "बाई, जोडे बाहेर."

"देऊळ आहे का हे?"

"देऊळच समजा. देवळात तं माणूस दिवसातून एक डाव जाते. मी इथं चार डाव येतो."

त्यांचं वय चौऱ्याहत्तर. पाठ ताठ, मिशी पांढरी, आणि बोलताना डोळे कायम वेलीवर. मी मोजे काढून अनवाणी आत गेले. मातीचा गारवा तळव्यातून गुडघ्यापर्यंत चढला.

संध्याकाळी अंगणात रोडगे झाले. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजतात, फोडून तुपात बुडवतात, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. मी दोन खाल्ले. वहिनींना ते कमी वाटले. "ताई, लाजून राहिल्या का? पुण्याले जाऊन सांगसान, हिवरखेडवाल्यांनं उपाशी ठेवलं!"

त्या रात्री रजईची गरज लागली नाही. हेही वहीत आहे.

हिवरखेड, रविवार

सकाळी रहीमभाई आले. ते अकोटचे पानाचे व्यापारी. वीस वर्षं दादांची पानं तेच नेतात. ओसरीवर चहा घेताना म्हणाले, "दादा, आभाळाचा काही भरोसा नाही. आज इतवार आहे, आजच तोड लो. मी दहा बायका देतो, दुपारपर्यंत मळा खाली."

"पान कोवळं आहे अजून. दोन दिवस राहिलं तं भरते."

"दो दिन म्हणजे मंगळवार."

"हाव, मंगळवार. उद्या तं सोमवार आहे."

या घरात सोमवारी वेलीला हात लावत नाहीत. दादांच्या आजोबांनी घातलेला नेम: सहा दिवस वेल आपल्याला देते, एक दिवस तिला विसावा. रहीमभाईंना हे ठाऊक होतं, त्यांनी वाद घातला नाही. ते माझ्याकडे वळले. "मॅडम, कुसुमताई म्हणतात तुम्ही हवामानवाल्या. तुम्हीच सांगा आता."

मी फोनवर नकाशे पाहिले. वाऱ्यांचे, दमटपणाचे, वरच्या हवेचे, सगळे. दमट हवा पूर्वेकडून सरकत होती. गार हवा वरून यायला सोमवारची रात्र होणार होती. गाठ पडायची ती आधी नागपूर-वर्ध्याकडे, मग अमरावतीकडे, आणि या टोकाला मंगळवारी दुपारनंतर. माझ्या मनातला आकडा होता दहात सात. म्हणजे असे दहा सोमवार आले तर सात कोरडे जातील, तीन जाणार नाहीत. मी तसं सांगायला सुरुवातही केली.

"शक्यता अशी आहे दादा, की साधारण दहापैकी..."

दादांनी हात वर केला. "बाई, मले हिशेब नका सांगू. मी मंगळवारी सकाळी पान खुडतो. तेवढं टिकते का नाही?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. कुसुमच्या चेहऱ्यावर मैत्रिणीचा अभिमान होता. मी म्हटलं, "मंगळवारपर्यंत टिकेल."

"झालं," दादा म्हणाले. रहीमभाईंनी कप खाली ठेवला, "ठीक आहे, मंगळवारी सकाळी बायका पाठवतो," म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी दादा आणि मी अंगणात उभे होतो. त्यांनी उत्तरेकडे बोट केलं. "आज डोंगर जवळ आल्यावानी दिसून राहिला."

मी म्हटलं, "हो, सुंदर दिसतोय." खरोखरच सातपुड्याची घळ न् घळ मोजता येत होती. हवेत ओल भरली की लांबचे डोंगर असे स्पष्ट दिसतात, हे मी तरुण सहकाऱ्यांना शिकवलेलं आहे. मोझरीची पताका, शनिवारची उबदार रात्र आणि हा डोंगर, तिन्ही एकच सांगत होते: दमट हवा यायची राहिलेली नाही, ती आलेलीच आहे. आणि ती सातपुड्याला अडली की तिला वर चढायला दुसऱ्या कशाची वाट पाहावी लागत नाही. मी नकाशा पाहिला होता. डोंगर नुसता बघितला.

हिवरखेड, सोमवार

दुपारी दीड वाजता वहिनी आणि मी ओला हरभरा सोलत बसलो होतो. कुसुम आत पडली होती. पावणेदोनला डोंगराकडून आभाळ काळं झालं. नंतर ते हिरवट दिसू लागलं. तो रंग मी ओळखते. वारा एकदम थांबला आणि मग विरुद्ध बाजूने, बर्फासारखा गार आला.

दादा उठले. "कूड सोडतो. वारा आरपार गेला पाह्यजे, नाई तं सारा मळा झोपन."

"थांबा नं वो," वहिनी म्हणाल्या. "येऊ द्या, जाऊ द्या. मंग पाहा."

"आलोच."

मी म्हणाले, "दादा, जाऊ नका. गारा पडतील." हे मी मोठ्याने म्हणाले का, ते मला नक्की आठवत नाही. वहिनी म्हणतात, म्हणाले. ते तोवर परसदारातून बाहेर पडले होते.

दोन वाजून चार मिनिटांनी पहिली गार पत्र्यावर पडली. मग काही ऐकूच येईना. लिंबाएवढ्या गारा होत्या. अंगणातली तुळस पहिल्या मिनिटात गेली. मी दाराची चौकट धरून उभी होते आणि घड्याळ बघत होते, कारण हातात करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. अकरा मिनिटं. वहिनी दोनदा बाहेर धावल्या आणि कुसुमने त्यांना दोनदा कमरेला धरून मागे ओढलं.

गारा थांबल्या तसा सगळीकडे नुसता पाणी ठिबकल्याचा आवाज राहिला. आम्ही तिघी पळालो. पायाखाली पांढरा थर करकरत होता.

मळ्याच्या दाराशी दादांच्या चपला होत्या. शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेल्या, आणि दोन्ही गारांनी काठोकाठ भरलेल्या. डोक्यावर आभाळ फुटत असताना ते तिथे थांबले होते आणि त्यांनी चपला काढल्या होत्या.

आत पान असं उरलंच नव्हतं. हिरव्या चिंध्या होत्या आणि उघड्या काड्या. दक्षिणेकडचे दोन कूड सोडलेले होते, तिसऱ्याची दोरी अर्धी सुटलेली. तिथेच पांगाऱ्याची फांदी मोडून पडली होती आणि तिच्याखाली दादा. डोक्याला खोल जखम, पाय उघडे आणि निळे. शुद्धीवर होते. आम्ही फांदी ओढून काढली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "मंगळवार आजच आला वाटते."

ते हसण्याचा प्रयत्न करत होते. त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

अकोला, मंगळवार

रहीमभाईंनी आपल्या पानाच्या गाडीत मागे गादी टाकून दादांना आधी अकोटला आणि तिथून अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झोपलेला गहू आणि संत्र्यांचे सडे. वाटेत दादांची शुद्ध गेली.

मंगळवारी सकाळी साडेनऊला डॉक्टर बाहेर आले. तरुण होते. वहिनींसमोर उकिडवे बसले आणि मग बोलले. आपल्या दवाखान्यांतून असं कोणी बसलेलं मी पाहिलं नव्हतं. डोक्याच्या आत रक्तस्राव झाला होता. दादा गेले होते.

वहिनी रडल्या नाहीत. म्हणाल्या, "आज खुडाई होती. बायका येऊन बसल्या असतील." रहीमभाईंनी तोंड फिरवलं. "नाही भाभी, मी कालच मना केलं."

मी कुसुमला व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, मला वहिनींशी बोलायचं आहे. रविवारी मी जे सांगितलं त्याबद्दल.

"तुले कोणी काही म्हटलं का?"

"नाही."

"मंग तूबी काही म्हणू नको. आता ते ऐकाचं बळ आहे का तिच्यात?" आणि माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "माह्यातबी नाही."

पन्नास वर्षांत तिच्याकडून टोल्यानंतर मायेचा हात आला नाही, असं हे एकदाच झालं.

हिवरखेड, बुधवार आणि गुरुवार

बुधवारी सकाळी दहन झालं. विलासला मस्कतहून शुक्रवारी सकाळच्या आधी पोचणं शक्य नव्हतं, आणि तोवर थांबणंही शक्य नव्हतं. त्याने फोनवर सांगितलं, चुलतभावाने अग्नी द्यावा. राख सावडायला मी येतो. तिसरा दिवस शुक्रवारच होता. वहिनी बुधवारभर प्रत्येक भेटायला येणाऱ्याला तेवढंच सांगत होत्या: "विलास येते. परवा त्याच्याच हातानं होईन."

गुरुवारी पहाटे वारा पुन्हा आग्नेयेकडून आला.

मी फोन उघडला नाही. आठ वाजता वहिनी स्वतःच माझ्यासमोर येऊन बसल्या. पुन्हा ढग जमत होते, आणि स्मशान नाल्याच्या काठी, उतारावर आहे.

"ताई, पाणी येते का उद्यापर्यंत? राख वाहून गेली तं लेकरू काय पाहीन? येत असन तं आजच सावडून घेतो."

मग मी सगळे नकाशे पाहिले, बाहेर जाऊन डोंगर पाहिला, वारा पाहिला, पुन्हा नकाशे पाहिले. एक तास लावला. परत येऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"वहिनी, असे दहा दिवस आले तर सहा दिवशी पाणी येईल आणि चार दिवशी येणार नाही."

"म्हणजे येते?"

"म्हणजे येण्याकडे थोडा जास्त कल आहे. याहून नक्की मला सांगता येत नाही. रविवारीसुद्धा माझ्या मनात असाच आकडा होता. दहात सात. मी तो सांगितला नाही. नुसतं 'टिकेल' म्हटलं."

त्यांच्या हातात निवडायला घेतलेले तांदूळ होते.

"हे सहा कोणते अन् चार कोणते, ते सांगता येते का, ताई?"

"नाही."

"मंग तुमी अन् मी सारख्याच झालो," त्या म्हणाल्या आणि उठल्या. त्या आवाजात राग होता का क्षमा, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी बसून विचार केला. कुसुम म्हणाली, अर्ध्याहून जास्त धोका आहे, आजच करा. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं, मला विचारलं तेव्हा मी तसं म्हणाले. गुरुवारी दुपारी चुलतभावाने राख सावडली. अस्थी मडक्यात भरून घरच्या आंब्याला टांगल्या. राख नाल्यापलीकडे नदीत सोडली. चितेची जागा पाण्याने धुतली, शेणाने सारवली, आणि माणसं घरी आली.

हिवरखेड, शुक्रवार

शुक्रवारी सकाळी ऊन पडलं. ढगाचा एक पुंजका नव्हता. रात्रीत वारा उत्तरेला फिरला होता आणि थंडी परतली होती. पाण्याचा थेंबही आला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही.

विलास नऊला पोचला. उंच, बापासारखाच ताठ, दोन दिवसांची दाढी. आईला भेटला, आंब्याखाली थोडा वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "मले जागा दाखवा."

बायका तिकडे जात नाहीत. मी रहीमभाईंसोबत बाहेरच्या कडुलिंबापर्यंत गेले. तिथून सगळं दिसत होतं. विलास सारवलेल्या चौकोनापाशी गेला. शेण वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. तो खाली बसला, तळहात जमिनीवर टेकवला आणि काही लागतं का म्हणून बोटांनी थोडं खरवडलं. मग आभाळाकडे पाहिलं, डोळ्यांवर हात धरून, कारण ऊन फार लख्ख होतं.

परत येताना माझ्यापाशी थांबला.

"मावशी, पाणी येते असं तुमीच सांगितलं का?"

"हो."

"एक दिवस थांबले असते तं मी आगीचं काहीतरी पाह्यलं असतं. कोमट तरी लागलं असतं हाताले."

रहीमभाई म्हणाले, "बेटा, मॅडमनं चांगल्यासाठीच..." विलासने मान हलवली, हाव, हाव म्हणाला आणि पुढे चालू लागला.

गुरुवारचा माझा अंदाज चुकला नव्हता, मुलांनो. पुन्हा तेच नकाशे समोर ठेवले तर मी पुन्हा सहा आणि चारच सांगेन. शुक्रवार त्या चारांतला निघाला. हे मी विलासला सांगितलं नाही. त्याच्या हाताला शेणाची वाळकी पूड लागली होती, ती तो झटकत नव्हता. आम्ही तिघं एका ओळीत उन्हातून घरी आलो.

तुमची,
आजी